रेंडरच्या आधी गोष्ट: एका लघुपटाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

अ‍ॅनिमॅटिकची पहिली जोडणी झाली, म्हणजे कच्च्या रेखाटनांची आवाजासकट सलग चाचणी-फिल्म. लांबी ६ मिनिटं ४० सेकंद. पेन्सिलीच्या रेषा, करड्या रंगाचे दोन थर आणि फोनवर घाईघाईत रेकॉर्ड केलेले पावलांचे आवाज, एवढंच. कथा आणि संकलन माझ्याकडे असल्यामुळे या नोंदीही मीच ठेवणार आहे.

टीममध्ये पुढे कोणी नवीन आलं तर संदर्भ असावा म्हणून गोष्ट इथे लिहून ठेवते. आजीला ऐकू येत नाही. घराची जमीन लाकडी फळ्यांची. आजीला बोलवायचं असलं की नात पाय आपटते, फळ्या थरथरतात, आजी वळून बघते. एकदा आपटला तर ‘इकडे ये’, लागोपाठ दोनदा आपटला तर ‘हे बघ’. एक दिवस नातीची मैत्रीण घरी येते. नातीला आजीला बोलवायचं असतं, पण ती पाय आपटत नाही. तिथून पुढे काय होतं यावर आमचं अजून एकमत नाही.

सगळ्यात कच्चा दुवा मधला आहे. ती पाय का आपटत नाही? मैत्रीण हसते म्हणून, असं पटकथेत लिहिलंय आणि बोर्डावर, म्हणजे शॉट्सच्या रेखाटनांत, मैत्रीण हसतेही. पण सलग बघताना ते हसणं वरून चिकटवल्यासारखं वाटतं. मैत्रिणीला हसायला लावून आपण नातीची सुटका करतोय. लाज ही नातीच्या आतून यायला हवी, कोणी हसण्याच्या आधी.

१५ जानेवारी

लाइटिंगची टेस्ट म्हणून पहिला शॉट पूर्ण रेंडर करून बघितला, म्हणजे संगणकाकडून त्याच्या अंतिम दर्जाच्या फ्रेम बनवून घेतल्या. खिडकीच्या काचेवर पाऊस, थेंबांमध्ये उलटी दिसणारी बाहेरची झाडं, पडद्याच्या विणीतून आत सरकणारा कॅमेरा आणि शेवटी खुर्चीत पाठमोरी बसलेली आजी. १४ सेकंद. बघून झाल्यावर थोडा वेळ कोणी काही बोललंच नाही. शॉट खरंच देखणा आहे. ज्याने केला त्याने काचेच्या जाडीपर्यंत विचार केलाय.

१४ सेकंद म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने ३३६ फ्रेम. एका फ्रेमला साधारण ४० मिनिटं लागली. एकाच मशीनवर टाकला तर २२४ तास, म्हणजे नऊ दिवसांच्या वर. बैठकीत हे आकडे निघतील म्हणून लिहून ठेवतेय. वेळेची अडचण मशीन वाढवून सोडवता येईल. मला खटकतंय ते वेगळं आहे: या १४ सेकंदांत आपल्या गोष्टीतलं काहीही नाही. पाऊस पुढे कुठे येत नाही, खिडकी येत नाही, पडदा येत नाही. गोष्ट सगळी जमिनीवर घडते आणि आपण प्रेक्षकाची नजर सुरुवातीलाच वर काचेकडे नेऊन ठेवतोय.

१६ जानेवारी

बैठक लांबली. दिग्दर्शकांचं म्हणणं असं की पहिल्याच शॉटने प्रेक्षकाला धरलं पाहिजे. ‘सुरुवात दणक्यात नको का?’ हवीच. मी म्हटलं, मग तो दणका पायाचा असू दे.

यावर नुसतं बोलून काही ठरलं नसतं. त्यामुळे पावसाचा रेंडर केलेला शॉट अ‍ॅनिमॅटिकच्या सुरुवातीला लावला आणि ज्यांनी पटकथा वाचलेली नाही अशा आमच्या संगीत करणाऱ्या ताईंना दाखवला. संपल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: ‘आजी कोणाची वाट बघत होती? ते माणूस आलंच नाही शेवटपर्यंत.’

त्यांचं काही चुकलं नाही. पाऊस, खिडकी, पाठमोरी बसलेली म्हातारी बाई, आणि कॅमेरा इतक्या अलगद आत येतोय, म्हणजे कोणीतरी बाहेरून येणार. पेन्सिलीच्या रेषांमध्ये एकच शॉट इतका सजवला की तो आपोआप वचन देऊन बसतो. मग पायाच्या हाकेकडे त्यांचं लक्ष गेलं ते तिसऱ्या मिनिटाला. तोवर त्या दाराकडेच बघत होत्या.

आतापर्यंत ‘दिसणं आणि गोष्ट’ या वादात मीही असंच बोलायचे की देखणेपणाने गोष्टीची भरपाई होत नाही. आज दिसलं ते त्याच्याही पुढचं होतं. सजावट कुठेही ठेवा, ती प्रेक्षकाला सांगते की इकडे लक्ष दे, हे कामाला येणार आहे. ते कामाला आलं नाही तर शॉट नुसता वाया जात नाही, शेजारचे चार शॉटही घेऊन जातो.

शॉट फिल्ममधून काढला. लाइटिंग पाहणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला होता. निघताना त्याने विचारलं, ‘मग मी करू काय? सगळं करडंच ठेवायचं का?’ प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. आज माझ्याकडे नव्हतं.

१ फेब्रुवारी

मधला दुवा सापडला.

मैत्रीण हसतच नाही. तिला काही माहीतच नाही. नात आजीला बोलवायला पाय उचलते, तेवढ्यात मैत्रीण तिच्याकडे बघते. फक्त बघते. मग नात पाय खाली ठेवते आणि तोंडाने हाक मारते: ‘आजी.’

संपूर्ण फिल्ममधला हा एकमेव शब्द. आणि तो जिच्यासाठी आहे तिला तो ऐकू जाणार नाही, हे हाक मारणारीला पक्कं ठाऊक आहे. ती हाक मैत्रिणीसाठी आहे. आजी पाठमोरीच राहते, हातातल्या कामात.

बोर्ड मुख्य अ‍ॅनिमेटरने लगेच काढले. तीन रेखाटनांतच होऊन गेलं. पहिल्यात पाय उचललेला, टाच अधांतरी, अंगठा आत वळलेला. दुसऱ्यात टाच फळीला टेकतेय, पण इतकी जपून की फळीला कळू नये. गुडघा नेहमीपेक्षा जास्त वाकलाय कारण सगळं वजन तिने वर धरून ठेवलंय. तिसऱ्यात चेहरा, तोंड उघडं, डोळे मैत्रिणीकडे. तिसऱ्या चित्रात नाक अर्धवट राहिलंय, एक कानही नाही, तरी बघताना माझ्या पोटात गोळा आला.

हे शोधायला आम्हाला बारा-पंधरा वेगवेगळ्या मांडण्या फेकून द्याव्या लागल्या, आणि त्या फेकता आल्या कारण त्या कागदावरच्या रेघोट्या होत्या. हसणाऱ्या मैत्रिणीचं मॉडेल, रिग (पात्र हलवण्यासाठीचा सांगाडा), कपडे, केस आणि लाइटिंग पूर्ण झालं असतं तर तिला हसू नकोस म्हणायला कोण धजावलं असतं? चित्र पूर्ण दिसायला लागलं की त्यातला निर्णयही पूर्ण झालाय असं सगळ्यांना वाटू लागतं. म्हणून माझी दिग्दर्शकांकडे मागणी आहे की शेवट ठरेपर्यंत एकही शॉट क्लीनअपला, म्हणजे रेषा पक्क्या करायला, जाऊ नये.

मोठ्या स्टुडिओंनाही हे असंच शिकावं लागलंय. ‘टॉय स्टोरी’ची स्टोरी रील (रेखाटनांची जोडणी) नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नीला दाखवली तेव्हा ती सपशेल पडली. नायक वूडी इतका खडूस झाला होता की त्याच्याबरोबर कोणाला दीड तास काढावासा वाटेना. निर्मिती थांबवली गेली आणि पटकथा नव्याने रचली गेली. पूर्ण लांबीचा पहिला संगणकीय अ‍ॅनिमेशनपट म्हणून जो १९९५ मध्ये आला, तो वाचला रेखाटनांच्या टप्प्यावर. तिथे वूडीचा स्वभाव पेन्सिलीने बदलता आला.

१० फेब्रुवारी

आजीच्या केसांवर चर्चा. सुटे केस, वाऱ्याने हलणाऱ्या बटा, सिम्युलेशन. २००१ च्या ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ची आठवण कोणीतरी काढली. नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६० हजार केस होते, आणि त्या काळात ते थक्क करणारं काम होतं. तंत्र म्हणून आजही त्याबद्दल आदर वाटतो. चित्रपट मात्र मोठ्या तोट्यात गेला, आणि आज त्याचा विषय निघाला की लोक केसांबद्दलच बोलतात. नायिकेला काय हवं होतं हे खोलीतल्या एकालाही आठवेना.

ठरलं: आजीचा अंबाडा. एकच आकार, दोन रेषा. पाठमोरी बसली की तो अंबाडाच तिचा चेहरा होतो, त्यामुळे त्याचा आकार लांबूनही ओळखू आला पाहिजे. त्यावर वेळ घालवू.

२१ फेब्रुवारी

बाहेरच्या सात-आठ जणांना अ‍ॅनिमॅटिक दाखवलं. वयं वेगवेगळी, अ‍ॅनिमेशनशी कोणाचा संबंध नाही.

बघण्याआधी मी एवढंच सांगितलं की चित्रं कच्ची आहेत. नंतर ‘कसं वाटलं’ विचारलं नाही. त्या प्रश्नाला लोक सभ्यपणे ‘छान’ म्हणतात आणि आपल्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी सांगितलं की गोष्ट तुमच्या शब्दांत मला परत सांगा. कोण कुठे अडखळतं, कोण कोणता प्रसंग गाळतं, कोण नसलेलं कारण स्वतःहून भरतं, ते लिहून घेतलं. जिथे दोघातिघांनी वेगवेगळी कारणं भरली तिथे आमच्या मांडणीत भोक आहे.

मधला प्रसंग सगळ्यांनी न चुकता सांगितला, एका शाळकरी मुलाने तर उभं राहून टाच हळूच टेकवून दाखवली. सुरुवातीचा ‘एकदा आपटणं आणि दोनदा आपटणं’ हा फरक मात्र कोणालाच कळला नव्हता. तो बोर्डावर फार घाईत येऊन जातो. दुरुस्त करायचा.

एका आजोबांनी विचारलं, ‘ती मैत्रीण परत येते का त्यांच्याकडे?’ आमच्या फिल्ममध्ये याचं उत्तर नाही. पण हा प्रश्न कानावर पडला आणि मला ‘लक्सो ज्युनिअर’बद्दलचा प्रसिद्ध किस्सा आठवला. १९८६ च्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत ती दोन टेबल-दिव्यांवरची दोन मिनिटांची फिल्म दाखवल्यावर संगणक-चित्रणातले जाणकार जिम ब्लिन फिल्मचा दिग्दर्शक जॉन लॅसेटरकडे आले. लॅसेटरला वाटलं आता सावल्यांच्या अल्गोरिदमबद्दल विचारणार. फिल्ममधल्या दिव्यांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या तेव्हा नवलाईच्या होत्याच. ब्लिन यांनी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा? ज्याला सावल्या कशा पडतात हे सगळ्यात जास्त कळत होतं, त्याला त्या क्षणी दोन दिव्यांमधलं नातं जाणून घ्यायचं होतं.

आजोबांचा प्रश्न मी भिंतीवर लावून ठेवलाय.

५ मार्च

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

मुख्य अ‍ॅनिमेटरच्या ओळखीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. अ‍ॅनिमॅटिक दोनदा बघितलं. मग आमच्याशी काही खुणांनी आणि बरंचसं लिहून बोलल्या.

पहिली गोष्ट, लाकडी जमीन घेतलीत हे बरं केलंत. सिमेंटच्या फरशीवर कितीही पाय आपटला तरी फारसं काही पोचत नाही. घरात दिवा चालू-बंद करून किंवा हात हलवूनही बोलावतात, पण पाय आपटण्यात जवळीक आहे कारण ते अंगाला लागतं. हे आम्ही पुस्तकातून वाचलं होतं, त्यांच्याकडून कळलं तेव्हा त्याला वजन आलं.

दुसरी गोष्ट रात्रीच्या शॉटबद्दल. दिवसभर नातीची हाक आलेली नाही. रात्री आजी पलंगाच्या कडेला बसते, खाली वाकते आणि तळहात जमिनीवर ठेवते, हाक येतेय का बघायला. हा आमचा लाडका शॉट. पोस्टरही त्याचंच करायचं ठरलं होतं. त्यांनी तो थांबवायला सांगितला आणि कागदावर लिहिलं: ‘हात कशाला ठेवेल? तिला पायाने कळतं. आयुष्यभर पायानेच कळत आलंय. हात ठेवते ते तुमच्यासाठी.’

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. खुर्चीवर बसल्या, एका पायातली सपाता अर्धी काढली आणि उघडा तळवा जमिनीवर टेकवला. बास. वाकणं नाही, हात नाही, चेहऱ्यावर काही नाही. पाच बोटं किंचित पसरली. मग त्या तशाच बसून राहिल्या.

तळहाताच्या शॉटमध्ये आजी हाक शोधत होती. या शॉटमध्ये ती वाट बघतेय, आणि कोणाला कळू न देता बघतेय. सपाता अर्धीच काढलेली, म्हणजे हाक आली तर लगेच उठता यावं.

६ मार्च

तळहाताचा शॉट संध्याकाळपर्यंत बदलून झाला. सपातेची नऊ नवीन रेखाटनं, जुनी बाजूला. एवढ्यावर भागलं याचं कारण तो हात अजून रेषेतच होता. पोस्टरसाठी त्याच्या सुरकुत्यांचं टेक्स्चर रंगवायला बसणार होतो तो आठवडा पुढचा होता.

एक तांत्रिक परिणाम झाला. आजीच्या पायाचं मॉडेल साध्या ठोकळ्यासारखं ठेवायचं ठरलं होतं, कारण ते कायम सपातेत. आता बोटं वेगवेगळी हलवता येतील असा रिग लागेल. आणि हाताचा रिग, ज्यात प्रत्येक पेराची सोय मागितली होती, तो आता साधा चालेल. तपशील कुठे हवा हे पाच मार्चला कळलं. त्याआधी आम्ही तो अंदाजाने वाटत होतो.

१९ मार्च

शेवट.

आधीच्या मांडणीत नात रात्री धावत येऊन आजीला मिठी मारते. कोणाला तो शेवट खोटा वाटत नव्हता, पण आवडतही नव्हता. मिठी कुठल्याही गोष्टीच्या शेवटी चालते. ही फिल्म एका विशिष्ट हाकेबद्दल आहे, तिचा शेवट त्या हाकेतूनच निघायला हवा.

सपातेचा शॉट मी जोडणीत नेहमीपेक्षा लांब धरून ठेवला होता, पुढचे बोर्ड तयार नव्हते म्हणून. तो उघडा पाय पडद्यावर बराच वेळ तसाच. दिग्दर्शक बघता बघता म्हणाले, ‘आता तीच आपटणार असं वाटतंय.’

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

पूर्ण फिल्मभर आजी फक्त हाकेला उत्तर देते. तिने कधी पाय आपटलेला नाही. आता पहिल्यांदाच ती हाक मारते. आणि तिला आवाजाचा अंदाज नाही, त्यामुळे ती भलत्याच जोरात आपटते. कपाटातली भांडी हादरतात, भिंतीवरची चौकट तिरकी होते, पलीकडच्या खोलीत नात दचकून उठून बसते. लोक हसतील इथे, हसावंच. मग नातीचा पाय पलंगावरून खाली येतो. एकदा. लागोपाठ दोनदा नाही, एकदाच: ‘इकडे ये’.

‘एकदा’ आणि ‘दोनदा’ यांतला फरक आता सुरुवातीला नीट रुजवावाच लागेल, नाहीतर शेवट अर्धा कळेल. २१ फेब्रुवारीच्या यादीतली ती दुरुस्ती आता सगळ्यात वर. पहिला शॉटही इथेच ठरला: जमिनीच्या पातळीवर कॅमेरा, नातीचे पाय, एक दणका, लांबवर आजीचा अंबाडा वळतो. दिग्दर्शकांना हवी होती ती दणक्यात सुरुवात.

गोष्ट कुलूपबंद केली. लांबी ५ मिनिटं ५० सेकंद.

२ एप्रिल

आता हालचालींचा पोत. आजी ऑन टूज, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकणार, सेकंदाला १२ चित्रं. नात ऑन वन्स, सेकंदाला २४. शेजारी ठेवल्यावर आजीचं जग थोडं अडखळत, थोडं घट्ट दिसतं आणि नात पाण्यासारखी वाहते.

२०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये जंगलातल्या प्रसंगात नवखा स्पायडर-मॅन माइल्स ऑन टूज आणि अनुभवी पीटर ऑन वन्स ठेवलाय, म्हणून शेजारी झोके घेताना माइल्स नवशिका दिसतो. फ्रेम कमी वापरल्या म्हणून तिथे काम कमी दर्जाचं झालं नाही. पात्राला काय येत नाही हे त्या कमी फ्रेमच सांगतात. दिसण्यावर घेतलेली मेहनत जेव्हा असं काम करते तेव्हा ती आणि गोष्ट वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि मला अशीच मेहनत हवी आहे.

आमच्या शेवटच्या प्रसंगात नातीने पाय खाली ठेवला की तीही ऑन टूज होईल. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण दोघी एका लयीत आल्यात हे जाणवेल. टेस्ट करून बघितली, जाणवतं.

२३ एप्रिल

लाइटिंगवाल्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि ते त्यानेच आणलं.

अडचण अशी होती की हाक दिसणार कशी? फळ्यांची थरथर ड्रॉइंगमध्ये दाखवली तर कॅमेरा हलल्यासारखा वाटतो. आजीच्या चेहऱ्यावर दाखवली तर ती ऐकल्यासारखी वाटते. त्याने एक शॉट करून आणला: तिरप्या उन्हात जमिनीवरची बारीक धूळ. पाय आपटला की पायापासून सुरू होऊन फळीच्या रेषेने धूळ उडत जाते, लाटेसारखी, थेट आजीच्या पायापर्यंत. फळीच्या सांध्याशी क्षणभर अडते, मग पुढच्या फळीवर जाते. हाक एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसते.

काचेवरच्या पावसात जे कसब होतं तेच इथे आहे. प्रकाशाची तीच समज, कणांवरची तीच हुकमत. या शॉटला फ्रेममागे पावसापेक्षाही जास्त वेळ लागतोय आणि मी स्वतः दिग्दर्शकांना म्हटलं की लागू दे. हा खर्च आपण कापायचा नाही.

शिवाय धुळीमुळे मधल्या प्रसंगाला एक गोष्ट फुकट मिळाली. नात टाच हळूच टेकवते तेव्हा तिच्या पायाखालची धूळ जागची हलत नाही. उन्हात स्थिर कण आणि वर ‘आजी’ हा शब्द. नव्या बोर्डाची गरज पडली नाही.

३० एप्रिल

क्लीनअप सुरू. विशेष काही नाही. अंबाड्याची रेष दोनदा परत पाठवली.

१४ मे

आवाजाचं काम. पाय आपटण्याच्या आवाजाचं वजन खालच्या पट्टीत असतं, साधारण १०० हर्ट्झच्या आत, आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती पट्टी जवळपास येतच नाही. फोनवर ऐकला तर आमचा दणका टिचकीसारखा वाजतो. बहुतेक लोक ही फिल्म फोनवर बघणार हे गृहीत धरायला हवं.

संगीत करणाऱ्या ताईंनी दणक्याला वरच्या पट्टीतला एक थर जोडून दिला: फळीची करकर आणि कपाटातल्या भांड्याची अगदी बारीक किणकिण. छोट्या स्पीकरवर वजन नाही आलं तरी घर हललं हे कळतं. आजीच्या बाजूने दिसणाऱ्या शॉट्समध्ये मात्र काहीच वाजत नाही. संगीतही नाही. त्यांनी त्या जागांसाठी एक सुंदर धून केली होती आणि स्वतःच काढून टाकली. म्हणाल्या, ‘इथे मी वाजवलं तर तिला ऐकू येतंय असं होईल.’

२९ मे

५ मार्चला आलेल्या आमच्या बाईंना जवळपास पूर्ण झालेली प्रत दाखवली, आवाज पूर्ण बंद करून. आम्हीही आवाजाशिवायच बघितली, सगळे मिळून. पहिला दणका धुळीतून पोचला. मधला प्रसंग पोचला. सपातेचा शॉट येण्याआधी त्या हसल्या आणि मुख्य अ‍ॅनिमेटरच्या खांद्यावर थोपटलं.

शेवटाबद्दल त्यांची एक सूचना आहे. आजीने जोरात पाय आपटल्यावर आपण लगेच हादरणाऱ्या भांड्यांवर जातो. त्यांचं म्हणणं, आधी आजीवर थोडं थांबा. ती आपटते, तेव्हा तिच्याच पायाला तिची हाक लागते. तो क्षण आम्ही कापून टाकत होतो. दिग्दर्शकांनी तिथेच होकार दिला. १८ फ्रेम वाढतील, ऑन टूज म्हणजे नऊ चित्रं: तळवा टेकलेला, बोटं आवळलेली आणि मग सुटणारी.

बाकीचं काम: त्या नऊ चित्रांचं क्लीनअप, धुळीच्या शेवटच्या दोन शॉट्सचं रेंडर, श्रेयनामावलीत त्यांचं नाव कथा-सल्लागार म्हणून जाणार, त्यांना ते कसं लिहिलेलं हवंय हे विचारून घ्यायचं. पोस्टर सपातेचं. नवीन रेखाटन लाइटिंगवाला मुलगा आणि मुख्य अ‍ॅनिमेटर मिळून सोमवारी आणणार आहेत.